चौथ्या लेनचा वेग

आमच्या कॉलनीत प्रवास म्हणजे तिरुपती, नाहीतर काश्मीर. त्यामुळे जानेवारीत मी तीन दिवस प्रवास करून आलो हे कळल्यावर शेजारच्या काकांनी मोठ्या उत्साहानं विचारलं, "कुठं कुठं फिरले मग?"

"बोरी अरब, पांढरकवडा आणि परत बोरी अरब."

काकांनी चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "तिथं पाहण्यासारखं काय आहे?"

तिथं पाहण्यासारख्या दोन बाया आहेत, हे खरं उत्तर होतं. पण ते कंपाउंडच्या भिंतीवरून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून काढतो आहे. एरवी मी बोलणारा माणूस नाही. सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे, त्यातला निम्मा वेळ फळ्याकडे तोंड करून.

आमचं वाहन म्हणजे चौदा वर्षांची स्कूटर. तिच्या वेगाचा काटा दोन वर्षांपासून शून्यावर अडकलेला आहे. मागच्या सीटवर आमची कुंदा, डिकीत पाण्याची बाटली, टॉवेल, आणि लॉग टेबलचं एक जुनं पुस्तक. लॉग टेबलात घडी घातलेली एक चिठ्ठी होती, चार दिवसांपूर्वी कपाट आवरताना पुन्हा हाती आलेली. प्रवास तिच्यासाठीच होता, पण निघताना हे कुंदाला माहीत नव्हतं. तिला मी "जुन्या शाळेत जरा काम आहे" एवढंच सांगितलं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी माझ्याकडून एवढंच कळतं, हे तिनं कधीच मान्य करून टाकलेलं आहे.

शनिवार : बोरी अरब

यवतमाळातून दारव्हा रोडला लागलं की दहा मिनिटांत गाव मागं पडतं. कपाशीची शेवटची वेचणी सुरू होती. झाडं काळपट पडलेली, आणि मधूनच एखादं बोंड कोणी विसरून गेल्यासारखं पांढरंफेक. तुरीच्या पेंढ्या बांधावर उभ्या करून ठेवलेल्या. हरभरा हिरवागार. गार वारा कानात शिरत होता आणि कुंदानं हेल्मेटवरून स्कार्फ गुंडाळला होता.

"किती स्पीडनं जाऊन राह्यलो आपण?" तिनं विचारलं.

"हा दगड गेला बघ किलोमीटरचा. आता पुढचा येईस्तोवर सेकंद मोज."

तिनं मोठ्यानं मोजले. नव्वद झाले.

"नव्वद सेकंदाला एक किलोमीटर, म्हणजे तासाला चाळीस."

"म्हणजे आपला वेग चाळीस."

"चाल चाळीस. वेगाला दिशा लागते."

"दिशा मी केव्हाची सांगून राह्यली. डावीकडून चला, मांगून ट्रक आहे!"

अर्ध्या वाटेवर एका टपरीवर थांबलो. आलूबोंडे गरम होते, चहा कप-बशीत. यवतमाळात आता सगळीकडे कागदी कप झाले. इथं अजून बशी मिळते आणि बशीतून फुर्रकन प्यायला कोणी लाजत नाही. बशी समोर आली आणि मला एकदम वाटलं, सांगायचं तर आत्ताच.

"कुंदा, दोन मुंग्या आहेत असं समज."

"कुठं?" तिनं साडी झटकली.

"समज म्हणतो आहे. एक मुंगी या कपाच्या बुडाच्या काठानं गोल फिरते. दुसरी बशीच्या काठानं. दोघी एकाच वेळी निघाल्या, एकाच वेळी परत आल्या. जोरात कोण चालली?"

"बशीवाली. तिले जास्त चालावं लागलं नं."

"हे तुला चहा थंड व्हायच्या आत कळलं. मला तेव्हा नव्हतं कळलं."

मग मी सांगितलं. सरळ सांगितलं, कारण वळणं घेत बसलो असतो तर बोंडे संपले असते आणि मी गप्प झालो असतो.

माझी पहिली नोकरी बोरी अरबच्या एका शाळेत. पहिल्याच हिवाळ्यात खेळांच्या स्पर्धा आल्या आणि पीटीचे सर नेमके साळ्याच्या लग्नाला गेलेले. हेडमास्तर म्हणाले, "इंगोले, तुम्ही विज्ञानाचे. मैदान तुम्हीच आखा." मी मैदानाच्या मधोमध खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि चुन्याच्या फक्कीनं चार गोल काढले. पहिला अठ्ठावीस मीटर त्रिज्येचा, मग एकोणतीस, तीस, एकतीस. चार मुलींना चार लेन. असे सुबक गोल त्या मैदानानं आधी पाहिले नव्हते. मग खुंटीपासून बाहेर दोरी ताणून एक सरळ रेघ मारली. चौघींनी इथून सुटायचं, एक फेरी मारायची, आणि इथंच पोचायचं. ती रेघ इतकी सरळ आली होती की मी दोनदा लांब जाऊन तिच्याकडे पाहून आलो.

ज्यांनी कधी शर्यत पाहिली आहे त्यांना माहीत असतं की गोल मैदानावर बाहेरच्या लेनमधल्याला पुढं उभं करतात. बाहेरचा गोल मोठा असतो, म्हणून. मी जन्मात पळालेलो नव्हतो. पुस्तकात परिघाचं सूत्र तोंडपाठ होतं, पायाखाली आलं तेव्हा ओळखता आलं नाही.

चिठ्ठ्या टाकल्या. प्रमिला राऊतला पहिली लेन आली, सुनंदा भगतला चौथी. दोघी नववीत. बाकीच्या दोघी पुष्कळ मागं राहिल्या. पण या दोघी अशा पळाल्या की गावची माणसं उभी राहिली. प्रमिला बत्तीस सेकंदांत आली. सुनंदा अर्धा सेकंद मागून. जिंकणारीला जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा होती. एकीलाच.

सुनंदा धापा टाकत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सर, माहा गोल मोठा होता." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हरल्यावर बहाणे सांगायचे नसतात." पोरं हसली. मलाही बरं वाटलं, नव्या मास्तराला पोरं हसली की बरं वाटतं.

कुंदानं सगळं ऐकून घेतलं आणि मोठा श्वास सोडला. "एवढंच? चार दिवसांपासून जेवण गोड लागून नाई राह्यलं तुमाले. मले वाटलं, एखादं बाईचं लफडं आहे."

मी हसलो. तीही हसली. मग तिनं विचारलं, "आन् तुमाले चूक कळली कधी?"

"दुसऱ्या दिवशी. वर्गात वर्तुळाकार गती शिकवत होतो. रेषीय वेग म्हणजे परिघ भागिले वेळ, दोन पाय आर भागिले टी. फळ्यावर सूत्र लिहिलं आणि हात तिथंच थांबला. घरी जाऊन गणित केलं. ती चिठ्ठी डिकीत आहे, लॉग टेबलात."

"आन् सांगितलं नाई कोणाले?"

"नाही."

"वसतिगृहात पोरगी गेली कधी?"

"पंधरा दिवसांनी."

कुंदानं हातातला अर्धा बोंडा बशीत ठेवला. उरलेल्या रस्त्यात तिनं एकही सेकंद मोजला नाही.

पोचलो तेव्हा शनिवारची सकाळची शाळा सुटत होती. मुख्याध्यापक तरुण, अगत्यशील. मी इथं चार वर्षं होतो म्हटल्यावर त्यांनी कपाटातून जुनी क्रीडा नोंदवही काढून दिली. नोंद माझ्याच अक्षरात होती. तेव्हाचं माझं अक्षर आतापेक्षा चांगलं होतं. प्रथम, कु. प्रमिला राऊत, बत्तीस सेकंद. द्वितीय, कु. सुनंदा भगत, साडेबत्तीस. आणि शेवटच्या रकान्यात शेरा : 'स्पर्धा खेळीमेळीत पार पडल्या. कोणाचीही तक्रार नाही.'

हे वाक्य मी लिहिलं होतं हे मी साफ विसरलो होतो. गणित लक्षात ठेवलं होतं, हे नाही. कुंदानं माझ्या खांद्यावरून वाचलं.

प्रमिलेचा पत्ता मुख्याध्यापकांनीच सांगितला. लग्न गावातच झालं, आता बाजारात पीठगिरणी चालवते. गिरणीच्या दारात गेलो तर आत पांढऱ्या धुक्यात एक पांढऱ्या भुवयांची बाई गिरणीच्या तोंडाला पोतं लावत होती. मला बघितलं आणि ती ओरडली. रागानं नव्हे, गिरणी चालू होती म्हणून.

"इंगोले सर! वळखलं का जी मले?"

"प्रमिला!" मीही ओरडलो.

"अवो, पहिला नंबर तुमीच दिलता मले!"

तिनं खुर्च्या पुसल्या, पाणी दिलं. पाणी ज्या स्टीलच्या पेल्यात दिलं त्यावर टोचून लिहिलेलं होतं : 'प्रथम क्रमांक, मुली'. आमच्याकडे बक्षीस म्हणून भांडी द्यायची पद्धत होती. चषक कपाटात बसतो, पेला रोज हातात येतो. तो पेला धरून मी बसलो आणि ठरवून आलेलं वाक्य बोललो.

"प्रमिला, त्या शर्यतीबद्दल थोडं बोलायचं होतं!"

"काय?"

"शर्यत! चुकली होती!"

"कोणाची सून?"

कबुली ओरडून देता येत नाही, हे मला त्या गिरणीत कळलं. दोनदा प्रयत्न केला. मग आलेल्या गिऱ्हाइकानं ज्वारीचा डबा मध्ये ठेवला आणि मी तेवढ्याच निमित्तावर सुटलो. वसतिगृहाचं मात्र विचारलं, तर ती हातवारे करत हसली.

"चार महिन्यांत पळून आली जी मी! रडून रडून डोये सुजले होते. बाबानं मंग परत धाडलं नाई. मले कायले पळायचं होतं, मले घर पायजे होतं!"

मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लगेच लाज वाटली. सुनंदा कुठं असते विचारल्यावर तिनं गिरणी न थांबवता पत्ता सांगितला. "पांढरकवड्याले. हायवेवर, टायरचं दुकान. जाणार असान तं थांबा." आणि आतून कैरीच्या लोणच्याची बरणी आणून कुंदाच्या हातात दिली. "तिले द्या. म्हणा, पमीनं धाडलं. आता तरी ये म्हणा गावाले."

परतीच्या वाटेवर कुंदा म्हणाली, "उद्या मी येते संग. तुमी एकटे गेले तं दारातूनच परत यान."

रविवार : पांढरकवडा

घर मध्ये आणि दोन गावं दोन दिशांना, म्हणून रात्री आपल्याच अंथरुणात झोपून सकाळी दुसरीकडे निघालो. असा प्रवास प्रवासकंपनीवाल्यांना मान्य होणार नाही. पण गुडघ्यांना मानवतो.

पांढरकवड्याचा रस्ता वेगळ्याच स्वभावाचा. शेतं हळूहळू मागं सरतात आणि सागवान जवळ येतं. पानं गळत होती, रस्त्यावर मोठमोठी वाळकी पानं ट्रकच्या वाऱ्यानं आमच्यापुढं धावत होती. एका वळणावर मी कुंदाला म्हणालो, "आता बघ, काटा असता तर चाळीसच दाखवला असता, पण वेग बदलतो आहे."

"काहून?"

"दिशा बदलते आहे. गोलात फिरणाऱ्याचा वेग क्षणाक्षणाला बदलतो. हात सुटला तर माणूस वळणानं नाही, सरळ रेषेत जातो. त्या क्षणी तोंड जिकडं होतं तिकडं."

"माहा हात सुटू देऊ नका म्हणजे झालं."

मध्ये एका मोहाच्या झाडाखाली पाणी प्यायला थांबलो आणि डिकी उघडली, तर लोणच्याचा वास. बरणीचं झाकण सैल झालं होतं. टॉवेल लाल, बाटली लाल, आणि लॉग टेबल तर तेलात मुरलेलं. मी घाईनं चिठ्ठी काढली. कागद तेलानं पारदर्शक झाला होता, पण पेनानं लिहिलेले आकडे जागच्या जागी होते. उन्हात धरला तर आरपार झाड दिसत होतं.

"सव्वीस वर्षं सांभाळली आन् एका दिवसात लोणचं घातलं," कुंदा म्हणाली. ती माझ्याशी पुन्हा नीट बोलू लागली होती.

हायवे लागला आणि देश बदलला. नागपूरहून हैद्राबादकडे जाणारे ट्रक, त्यांच्या पाठीवर तेलुगू अक्षरं, ढाब्यांवर भाकरीच्या पाटीशेजारी इडली-सांबाराची पाटी. आमच्या यवतमाळात दुपारी भात शेवटी घासभर घेतात. इथं ताटात आधी भाताचा डोंगर होतो आणि भाकर बाजूला पाहुण्यासारखी बसते.

सुनंदाचं दुकान मोठं होतं. बाहेर टायरांची चळत, आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली एक फळा. एक ड्रायव्हर तिच्याशी वाद घालत होता आणि ती ट्रकच्या टायरवर खडूनं रेघ ओढत होती.

"ताई, काटा सत्तर बताता है, फिर भी टाइम पे नहीं पहुँचता मैं."

"काटा चक्कर गिनता है, भैया, रस्ता नहीं. टायर घिस गया, छोटा हो गया. चक्कर उतनेच, पर हर चक्कर में रस्ता कम. सत्तर बोलता है, तू सदुसष्टनं चाललास," शेवटचं तिनं सरळ मराठीतच सांगून टाकलं.

ड्रायव्हर डोकं खाजवत राहिला. मी जागच्या जागी उभा. माझ्या वर्गात हे असं मी सव्वीस वर्षांत कोणाला सांगू शकलेलो नव्हतो.

तिनं मागं वळून पाहिलं. "गाडीचं काय झालं, काका?" मग खडू खाली आला. "इंगोले सर?"

"हो."

"बसा." 'या जी' नाही, 'कसे आहा' नाही. बसा.

कुंदानं लोणच्याची अर्धी बरणी पुढं केली, "पमीनं धाडलं," म्हणून सांगितलं, आणि सुनंदाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. तिचा नवरा नागपूरला टायर आणायला गेला होता. मुलगी बारावीला, अभ्यासाला वर्ध्याला. हे सगळं कुंदानंच विचारून घेतलं. मी चिठ्ठी हातात धरून बसलो होतो. शेवटी कुंदानं मला कोपरानं ढोसलं.

मी बोललो. सगळं. खुंटी, दोरी, रेघ. पहिल्या लेनचा परिघ एकशे शहात्तर मीटर, चौथ्या लेनचा एकशे पंचाण्णवच्या आसपास. म्हणजे प्रमिलेचा वेग सेकंदाला साडेपाच मीटर आणि तिचा सहा. "तू हरलेली नव्हतीस. तू जवळजवळ एकोणीस मीटर जास्त पळालीस आणि अर्ध्या सेकंदानं मागं राहिलीस. चूक माझी होती. तू बहाणा सांगत नव्हतीस."

चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिनं वास घेतला. "पमीचं तेल," म्हणाली. मग आकडे पाहिले.

"मले माहीत होतं, सर."

"काय माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलती मी मैदानावर. फक्की तशीच होती. पावलं मोजली. पमीच्या गोलात दोनशे पन्नास, माह्या गोलात दोनशे सत्याहत्तर. हातावर लिहून तुमच्याकडे आलती. मास्तरांच्या खोलीच्या दारात उभी राह्यली. तुमी पुस्तक वाचून राह्यले होते."

इथं मला थांबता आलं असतं. ती स्वतःच मला वाट करून देत होती : सरांनी पाहिलं नाही, म्हणून. कुंदालाही मी टपरीवर एवढंच सांगितलं होतं की गणित कळलं आणि बोललो नाही.

"मी वाचत नव्हतो," मी म्हणालो. "सकाळच्या तासालाच मला कळून चुकलं होतं. तू दारात आलीस ते मी पाहिलं. हातावर काहीतरी लिहिलेलं आहे तेही पाहिलं. तू काय सांगायला आलीस ते मला माहीत होतं. म्हणून मी पुस्तकात मान घातली आणि तू जाईपर्यंत वर केली नाही."

कुंदा माझ्याकडे पाहत होती ते मला न पाहता कळत होतं.

सुनंदा बराच वेळ चिठ्ठीची घडी उघडझाप करत राहिली. बाहेर एक ट्रक थांबला, कोणीतरी "जय भीम ताई, हवा!" म्हणून ओरडलं. तिनं "थांब जरा!" म्हणून उत्तर दिलं.

"पमी पळून आली ते माहीत आहे नं तुमाले?"

"काल तिनंच सांगितलं."

"मी पळून आली नसती, सर." हे तिनं शांतपणे, टायरचं माप सांगावं तसं सांगितलं. "पमीले घर आठवे. मले घरी थांबू वाटत नव्हतं. मी राह्यली असती तिथं. पुढं काय झालं असतं, कोणाले माहीत. पण राह्यली असती."

मी मान खाली घातली. या वेळी पुस्तक नव्हतं.

"वर्षभर पोरं मले 'मोठा गोल' म्हणत," ती म्हणाली. "ए मोठा गोल, पाणी आण. आता हसू येते. तवा नाई ये."

मग तिनं आम्हाला जेवायला बसवलं. हे मला समजलं नाही, अजूनही नीट समजलेलं नाही. तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची आमटी, वांग्याची भाजी, भाताचा डोंगर आणि वरून तिच्या मैत्रिणीचं लोणचं. मी भात नुसता चिवडत होतो आणि ती वाढतच होती. "खा सर, माफ केलं म्हणून वाढून नाई राह्यली. जेवायची वेळ झाली म्हणून वाढून राह्यली." कुंदा ठसका लागेपर्यंत हसली. माझ्या बायकोला ही बाई फार आवडली होती.

"तुला काही करून देता येईल का?" मी विचारलं. "सगळ्यांना सांगू? पत्र देऊ?"

तिनं विचार केला. "त्या वहीत काय लिहून आहे?"

मी शेरा तोंडपाठ सांगितला. कोणाचीही तक्रार नाही.

"हं. मंग त्या वहीतच लिहा. नंबर पमीचाच राहू द्या, पेलाही तिचाच. मले नंबर नोको. माहा वेग लिहा तिथं."

"उद्याच लिहितो."

"आन् पमीले सांगितलं?"

"गिरणी चालू होती."

ती माझ्याकडे पाहून हसली. दारातून मला पाहून गेलेली तीच मुलगी हसत होती. "सर, गिरणीले बटन असते."

सोमवार : पुन्हा बोरी अरब

किरकोळ रजा टाकली. कुंदा आली नाही. "आता जमते तुमाले," म्हणाली.

त्याच रस्त्यानं गेलो. टपरीवर थांबलो नाही. बाजारात पोचलो तेव्हा गिरणी घरघरत होती. प्रमिलेनं हात हलवला. मी आत गेलो, भिंतीवरचं बटन शोधलं आणि बंद केलं. पट्टा एकदोन फेऱ्या अजून फिरला, मग थांबला. बाजारातला सगळा गोंगाट एकदम आत आला.

"अवो सर, दळण आहे लोकांचं!"

"पाच मिनिटं."

पाच मिनिटंही लागली नाहीत. पिठानं भरलेल्या ओट्यावर बोटानं दोन गोल काढून दाखवले, एकात एक. ती दोन्ही गोलांकडे पाहत राहिली. तिच्या भुवया पांढऱ्या होत्या, त्यामुळे चेहऱ्यावर काय चाललं आहे ते मला वाचता येईना.

"म्हणजे मी जिंकली नव्हती."

"तू आधी पोचलीस. ती जोरात पळाली."

"सुनीले माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"आन् तिनं मले कधीच म्हटलं नाई," प्रमिला म्हणाली. "दर उन्हाळ्यात लोणचं धाडते मी तिले. फोनवर मी म्हणते, मी हरवलं होतं तुले, आन् ती म्हणते, हो वं, हरवलं होतं." तिनं पदरानं भुवया पुसल्या; पीठ आणखी पसरलं. मला वाटलं ती रडेल, किंवा मला हाकलेल. दोन्हीला मी तयार होतो. ती उठली, पेला धुतला, त्यात मला पाणी दिलं, आणि दुकानापुढं उभ्या असलेल्या दोन बायांना म्हणाली, "डबे ठेवून जा, तासाभरानं या. मी शाळेत जाऊन राह्यली."

मुख्याध्यापक अडचणीत पडले. "जुन्या नोंदीत खाडाखोड चालत नाही, सर. तपासणीत विचारतात."

"काही खोडायचं नाही. शेऱ्याच्या खाली जागा आहे. आजची तारीख घालतो, सही करतो."

प्रमिला टेबलाच्या कडेला उभी राहिली. तिच्या अंगचं पीठ वहीवर पडू नये म्हणून हात मागं बांधून. मी लाल पेनानं लिहिलं : 'मैदान आखण्यात चूक झाली. चूक माझी. कु. सुनंदा भगत हिनं त्याच दिवशी तक्रार केली होती. ती बरोबर होती. चौथ्या लेनचा परिघ धरून तिचा वेग, सेकंदाला' आणि थांबलो.

"काय झालं?" प्रमिला म्हणाली.

"बरोबर सहा येत नाही. पाच पूर्णांक नऊशे त्र्याण्णव सहस्रांश येतं."

"अवो, सव्वीस वर्षं कमी लिहिलं तिचं. आता जरा जास्त लिहाल तं काय होते?"

मी चिठ्ठीकडे पाहिलं. तेलकट, आरपार. जास्त लिहायचं नव्हतं. पुन्हा खोटं, आणि या वेळी चांगल्या मनानं, असं मला नको होतं. मग आठवलं की मी दरवर्षी पोरांचे गुण कापतो ते कशासाठी : दोरीनं मापलेलं मैदान आणि अंगठ्यानं दाबलेलं घड्याळ, यातून तीन-तीन दशांश स्थळं कुठून येणार? जेवढं मोजलं तेवढंच लिहायचं. मोजण्यातून दोनच अंक खरे निघत होते.

'६.० मीटर,' मी लिहिलं, आणि खाली सही केली.

प्रमिलेनं वाचलं, हात मागंच ठेवून, ओठ हलवत, दोनदा. मग म्हणाली, "फोटो काढा, सर. माह्या हाताले पीठ आहे. आन् सुनीले धाडा."

मी फोटो काढला आणि प्रमिलेनं सांगितलेल्या नंबरावर पाठवला. आम्ही मैदानातून फाटकाकडे निघालो तेवढ्यात उत्तर आलं. प्रमिलेनं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं.

"पमीले सांगा, या उन्हाळ्यात येते. चपला काढून ये म्हणा मैदानावर. पुढं मी उभी राहीन."